शाळा एक, पत्ते दोन: मेलबर्नच्या उपनगरातील बहुकॅम्पस सरकारी शाळा कशी चालते

नोकरीच्या निमित्ताने मेलबर्नला निघालेले मराठी कुटुंब घराच्या आधी शाळा शोधू लागते, आणि शोध सुरू होताच शहराच्या पश्चिमेकडील पॉइंट कुक, टार्निट, ट्रुगनिना, वेरिबी ही नावे समोर येतात. तेथील सरकारी शाळांची यादी चाळताना एक बाब हमखास गोंधळात टाकते. पॉइंट कुकमधील कॅरनबॅलॅक पी-९ कॉलेज ही नोंदीनुसार एकच शाळा आहे, पण तिचे पत्ते दोन आहेत: बोर्डवॉक कॅम्पस आणि जेमिसन वे कॅम्पस. आणखी उत्तरेला कॉपरफील्ड कॉलेज किंग्ज पार्क, सिडनहॅम आणि डेलाहे अशा तीन ठिकाणी भरते. मग प्रश्नांची रांग लागते. या दोन शाळा समजायच्या की एक? मुख्याध्यापक कुठे बसतात? थोरल्याला एका ठिकाणी आणि धाकटीला दुसऱ्या ठिकाणी प्रवेश मिळाला तर? निकालाचा आकडा दिसतो तो कोणत्या इमारतीचा?

या प्रश्नांची उत्तरे अवघड नाहीत, मात्र ती देण्यासाठी ऑस्ट्रेलियातील सरकारी शाळा कशी बांधली जाते, तिला पैसा कसा मिळतो आणि वेगाने वाढणाऱ्या उपनगरात मुलांची संख्या कशी बदलते, हे थोडे मुळापासून पाहावे लागते. शिक्षण तेथे राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः व्हिक्टोरिया राज्याला लागू आहे.

कॅम्पस म्हणजे शाखा नव्हे

सुरुवात नावांपासून करू. व्हिक्टोरियात 'कॉलेज' हा शब्द सरकारी शाळांच्या नावातही सर्रास असतो. 'पी-९' म्हणजे प्रेपपासून नववीपर्यंत. प्रेप हा शालेय शिक्षणाचा पहिला वर्ग असून मूल त्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत पाच वर्षांचे होत असेल तर त्याला तेथे प्रवेश मिळतो. शैक्षणिक वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होते आणि डिसेंबरात संपते.

बहुकॅम्पस शाळा म्हणजे एकच नोंदणी, एकच मुख्याध्यापक, एकच शाळा परिषद आणि एकच अंदाजपत्रक असलेली, परंतु एकाहून अधिक जागांवर भरणारी शाळा. प्रत्येक जागेवर दैनंदिन कारभार पाहणारा स्वतंत्र कॅम्पस प्रमुख असतो. मूल उशिरा आले, खेळताना पडले, वर्गशिक्षकांशी बोलायचे आहे, अशा सर्व गोष्टी त्याच्याकडे किंवा तेथील कार्यालयाकडे जातात. शिक्षकांची नेमणूक, पैशांची विभागणी, वार्षिक आराखडा, गणवेशाचे नियम या बाबी मात्र संपूर्ण शाळेसाठी एकत्र ठरतात. गावाकडे दोन भावांच्या चुली वेगळ्या झालेल्या असतात, पण सातबारा अजून एकत्रच असतो, तशी ही अवस्था आहे: रोजचा स्वयंपाक ज्याच्या त्याच्या घरी, पण विहीर खोदायची की नाही, हे दोघांनी मिळूनच ठरवायचे.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे संस्थांच्या शाखा आठवतील, परंतु त्या वेगळ्या. एखाद्या शिक्षण संस्थेच्या चार शाळा असल्या तरी प्रत्येकीला आपला मुख्याध्यापक असतो, आपला यूडायस (शासकीय नोंदणी) क्रमांक असतो आणि संचमान्यता, म्हणजे शिक्षकपदांची मंजुरीही, स्वतंत्र होते. जिल्हा परिषदेच्या शाळांवर केंद्रप्रमुखाची देखरेख असते, पण केंद्रातील शाळा म्हणजे एक शाळा नव्हे. ऑस्ट्रेलियातही सर्वत्र एकच पद्धत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये सिडनी सेकंडरी कॉलेजसारख्या बहुकॅम्पस शाळा आहेत आणि तेथे कॅम्पस बराच स्वायत्त असतो.

शाळा परिषद ही आपल्याकडील शाळा व्यवस्थापन समितीची दूरची नातेवाईक म्हणता येईल. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात. व्हिक्टोरियाच्या परिषदेत पालकांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक असणे बंधनकारक आहे आणि सदस्यत्व दोन वर्षांचे असते. फरक अधिकारांचा आहे. परिषद शाळेच्या अंदाजपत्रकाला मंजुरी देते, त्यामुळे दुसऱ्या कॅम्पसचे मैदान यंदा दुरुस्त व्हावे असे एखाद्या पालकाला वाटत असेल तर तो मुद्दा मांडण्याची जागा हीच आहे.

वाढत्या उपनगरातील मुलांची लाट

आता या रचनेची गरज का पडते, ते पाहू. पॉइंट कुकची लोकसंख्या २००६ च्या जनगणनेत १४,१६२ होती. ती २०११ मध्ये ३२,४१३, २०१६ मध्ये ४९,९२९ आणि २०२१ मध्ये ६६,७८१ झाली. पंधरा वर्षांत जवळजवळ पावणेपाच पट. ज्या विंडहॅम नगरपालिकेत हे उपनगर येते, तिची लोकसंख्या याच काळात १,१२,६९५ वरून २,९२,०११ वर पोहोचली. आकडे मोठे आहेतच, पण शाळेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: नव्या वसाहतीत राहायला येणारी कुटुंबे साधारण एकाच वयाची असतात. तिशीतले दाम्पत्य, पहिले घर, एक मूल कडेवर आणि दुसरे येऊ घातलेले. त्यामुळे मुलेही एकाच वेळी प्रेपच्या वयाची होतात. शाळेचा पट काही वर्षे झपाट्याने चढतो, टोक गाठतो आणि मग हळूहळू उतरतो, कारण तीच कुटुंबे त्याच घरांत राहतात, मुले मोठी होऊन पुढे जातात आणि नव्या बाळांचे पाळणे आता टार्निटला किंवा त्याहून पुढे हलत असतात.

टोकाच्या वर्षाचा विचार करून पक्की इमारत बांधली तर वीस वर्षांनी अर्ध्या खोल्यांना कुलपे लागतात. सरासरी वर्षाचा विचार करून बांधली तर टोकाच्या वर्षी मुलांना बसायला जागा नसते. व्हिक्टोरियात यावर वर्षानुवर्षे वापरला जाणारा उपाय म्हणजे पोर्टेबल, म्हणजेच ट्रकवरून आणून मैदानाच्या कडेला बसवता येणारी आणि गरज संपल्यावर उचलून दुसऱ्या शाळेत नेता येणारी वर्गखोली. भारतातून गेलेल्या पालकांना पहिल्यांदा ती पाहून 'सरकारी शाळा म्हणून पत्र्याची शेड दिली की काय' असे वाटते. तसे नाही. तिच्यात थंड-गरम हवेची सोय असते आणि मुले तिच्यात निवांत शिकतात. खरा तोटा मैदानाचा होतो, कारण प्रत्येक नवी खोली खेळाच्या जागेवरच उभी राहते.

जागेचे गणित वसाहत उभी राहण्याआधीच मांडलेले असते. मेलबर्नच्या वाढीव भागांचे नियोजन करताना साधारण ३,००० घरांमागे एक सरकारी प्राथमिक शाळा आणि सुमारे १०,००० घरांमागे एक माध्यमिक शाळा धरली जाते. प्राथमिक शाळेसाठी साडेतीन हेक्टर, म्हणजे साडेआठ एकरांहून थोडी अधिक, आणि माध्यमिक शाळेसाठी ८.४ हेक्टर जागा नकाशावर राखून ठेवतात. नकाशावर राखलेली जागा आणि उभी राहिलेली शाळा यांच्यात मात्र सरकारी तिजोरीचा प्रश्न असतो. राज्य सरकारने २०१९ ते २०२६ या काळात १०० नव्या शाळा सुरू करण्याचे आश्वासन दिले होते, त्यावरूनच मागणीचा अंदाज यावा.

मग दोन स्वतंत्र शाळाच का काढत नाहीत?

हा आक्षेप रास्त आहे, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसेच केले जाते. पॉइंट कुकमध्येच अलामांडा, फेदरब्रुक, सॉल्टवॉटर या शाळा आपापल्या नावाने स्वतंत्रपणे उभ्या आहेत. बहुकॅम्पस हा एकमेव मार्ग नव्हे, अनेकांपैकी एक आहे.

तो कुठे उपयोगी पडतो, हे समजण्यासाठी नव्या शाळेच्या पहिल्या वर्षाचा विचार करावा. मुले थोडी असतात, पण मुख्याध्यापक पूर्ण लागतो. हिशेब ठेवणारा लागतो, संगीत आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक लागतात, ग्रंथालय लागते, समुपदेशक लागतो. पगार पटाच्या प्रमाणात घटत नाहीत. तीच नवी जागा आधीपासून चालत असलेल्या शाळेचा दुसरा कॅम्पस म्हणून सुरू झाली, तर अनुभवी माणसे, ठरलेली कार्यपद्धती आणि तयार अभ्यासक्रम पहिल्या दिवसापासून हाताशी असतात. शिवाय एका कॅम्पसचा पट टोकाला पोहोचून उतरू लागला आणि दुसऱ्याचा चढत असला तर शिक्षक इकडून तिकडे देता येतात. त्यासाठी बदलीची स्वतंत्र प्रक्रिया करावी लागत नाही. लाटेसारख्या वाढणाऱ्या उपनगरात हा लवचिकपणा फार मोलाचा आहे.

प्रशासनाच्या खर्चात बचत होते, हा युक्तिवादही केला जातो. मला तो सर्वांत कच्चा वाटतो. दोन कार्यालये, दोन स्वागतकक्ष, दोन प्रथमोपचार खोल्या, दोन ठिकाणची साफसफाई ही लागतेच. राज्याच्या अनुदानात एकाहून अधिक जागांवर चालणाऱ्या शाळांसाठी वेगळा भत्ता ठेवलेला आहे, तो उगीच नव्हे.

गंमत अशी की हीच रचना अगदी उलट कारणानेही जन्माला येते. १९९० च्या दशकात व्हिक्टोरियात ३०० हून अधिक सरकारी शाळा बंद किंवा विलीन झाल्या आणि जुन्या उपनगरांत पट घटल्यावर शाळा एकत्र करण्याचा मार्ग नंतरही वापरला गेला. मेलबर्नच्या आग्नेयेकडील डँडेनाँग हे देशातील सर्वाधिक बहुसांस्कृतिक भागांपैकी एक. तेथे डँडेनाँग हायस्कूल, क्लीलंड आणि डव्हटन या तीन शाळा २००७ मध्ये एकत्र करण्यात आल्या आणि पुढे त्या सर्वांचा कारभार एकाच कॅम्पसवर आला. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी, त्या एकत्र करून, समूह शाळा आणण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये चर्चेत आला, तेव्हा पानशेत आणि तोरणमाळ येथील समूह शाळांचे दाखले दिले गेले. ती वाट आटत्या पटाची आहे, पॉइंट कुकची फुगत्या पटाची. एकत्रीकरणाला आपल्याकडे झालेला विरोध मनात ठेवून मेलबर्नच्या बहुकॅम्पस शाळेकडे पाहिले तर 'आपली शाळा गिळली जाणार' अशी भीती वाटते, पण वाढत्या उपनगरात तिला फारसा आधार नाही.

कॅम्पस कसे वाटले जातात: आडवे की उभे?

दोन कॅम्पसमध्ये मुले विभागण्याच्या मुख्य पद्धती दोन. आडव्या विभागणीत दोन्ही ठिकाणी लहान-मोठे सगळे वर्ग असतात आणि मूल घराजवळच्या कॅम्पसमध्ये जाते. उभ्या विभागणीत वयोगट वेगळे केले जातात. कॉपरफील्ड कॉलेजमध्ये सातवी ते दहावी किंग्ज पार्क आणि सिडनहॅम येथे चालते, तर अकरावी-बारावीसाठी सर्व मुले डेलाहेच्या वरिष्ठ कॅम्पसवर एकत्र येतात. म्हणजे ती शाळा खालच्या वर्गांपुरती आडवी आणि वरच्या वर्गांपुरती उभी आहे.

यामागचे कारण विषयांचे आहे. अकरावी-बारावीत मुले व्हीसीई, म्हणजे व्हिक्टोरियाचे उच्च माध्यमिक प्रमाणपत्र, घेत असतात आणि त्यात विषयांची निवड मोठी असते. स्पेशलिस्ट मॅथेमॅटिक्स किंवा एखादी भाषा घेणारी मुले प्रत्येक कॅम्पसवर पाच-सहाच असतील तर तो वर्ग कुठेच भरत नाही. सगळी एकत्र आली तर भरतो. लहान मुलांना घर जवळ असणे महत्त्वाचे, मोठ्यांना विषय उपलब्ध असणे महत्त्वाचे. उभ्या-आडव्याचा हा मिलाफ मला तरी या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत शहाणा भाग वाटतो.

पैसा कुठून येतो आणि पालकांच्या हातात काय आहे?

ऑस्ट्रेलियात सुमारे ६३ टक्के विद्यार्थी सरकारी शाळांत शिकतात. प्रत्येक विद्यार्थ्यामागे किती खर्च अपेक्षित आहे याचा एक राष्ट्रीय मापदंड आहे. त्याच्या मूळ रकमेत सहा कारणांसाठी भर घातली जाते: अपंगत्व, आदिवासी पार्श्वभूमी, सामाजिक-शैक्षणिक अडचण, इंग्रजीचे अपुरे ज्ञान, शाळेचा आकार आणि तिचे स्थान. सरकारी शाळांसाठी या मापदंडाच्या २० टक्के वाटा केंद्र सरकार उचलत आले आणि नव्या करारांनुसार तो टप्प्याटप्प्याने २५ टक्क्यांपर्यंत वाढणार आहे. उरलेला भार राज्याचा. राज्य आपल्या सूत्राने ती रक्कम शाळेला एकगठ्ठा देते आणि शाळा ती आपल्या कॅम्पसमध्ये वाटते. सूत्र शाळेला ओळखते, इमारतीला नव्हे.

येथे पालकांकडून एक गोष्ट नकळत सुटते. प्रवेश अर्जात आई-वडिलांचे शिक्षण आणि व्यवसायाचा गट विचारलेला असतो. गट ए ते डी आणि एन असे असतात. वरिष्ठ व्यवस्थापक आणि पदवीधर व्यावसायिक ए मध्ये, आणि वर्षभर काम नसलेले एन मध्ये. आपल्याकडील अर्जांना सरावलेल्या पालकांना हा चौकसपणा वाटतो आणि ते रकाना रिकामा ठेवतात किंवा भारतातील जुने पद लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात याच माहितीवरून शाळेला मिळणारे समानता अनुदान, म्हणजे सामाजिक-शैक्षणिक अडचणीतील मुलांसाठीची जादा रक्कम, ठरते. पुण्यात अभियंता असलेला बाप मेलबर्नला गोदामात किंवा टॅक्सीवर काम करत असेल तर आजचे काम लिहावे. त्यात कमीपणा कसला? मुलाच्या शाळेला तेवढीच एक साहाय्यक शिक्षिका अधिक मिळू शकते.

यातूनच एक गैरसमजही दूर होतो. 'बहुसांस्कृतिक शाळा' म्हणजे 'गरीब शाळा' नव्हे. ऑस्ट्रेलियात २०२१ च्या जनगणनेनुसार २७.६ टक्के लोक परदेशात जन्मलेले होते आणि ४८.२ टक्के लोकांच्या आई-वडिलांपैकी किमान एकाचा जन्म परदेशात झालेला होता. भारतात जन्मलेल्यांची संख्या ६,७३,३५२ होती. परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडखालोखाल आपला क्रमांक होता. पॉइंट कुकमध्ये घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या अनेक कुटुंबांत दोन्ही पालक पदवीधर असतात, त्यामुळे अशा शाळेला भाषेच्या कारणाने मदत लागते, पण समानता अनुदान फारसे मिळत नाही. जुन्या कामगार वस्तीतील शाळेचे चित्र वेगळे असते. एकाच शब्दाखाली या दोन्ही शाळा मोजल्या की चर्चा भरकटते.

निम्मी मुले आपल्यासारखीच असतील, तर इंग्रजी कसे येणार?

हा प्रश्न भारतीय पालकच सर्वांत मोठ्याने विचारतात. उत्तर वर्गात डोकावले की मिळते. पंजाबी, तेलुगू, मराठी, मँडरिन, अरबी, व्हिएतनामी, तागालोग बोलणाऱ्या घरांतील मुले एकत्र आली की त्यांची सामाईक भाषा इंग्रजीच उरते. सगळी मुले एकाच भाषेची असती तर काळजीला अर्थ होता. जितक्या भाषा अधिक, तितकी मैदानावरची इंग्रजी पक्की.

वर्गातली, पुस्तकातली इंग्रजी मात्र आपोआप येत नाही. नव्याने आलेले मूल दोन वर्षांत झरझर बोलू लागते, पण विज्ञानाचा परिच्छेद वाचून त्याचे कारण लिहायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. त्यासाठी ईएएल, म्हणजे इंग्रजी ही अतिरिक्त भाषा म्हणून शिकवण्याची सोय असते. अगदी नव्याने आलेल्या आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी राज्यात स्वतंत्र इंग्रजी भाषा शाळा आहेत. मूल तेथे काही सत्रे शिकते आणि मग नेहमीच्या शाळेत येते. नेहमीच्या शाळेत पुढचे काम ईएएल शिक्षक आणि मुलांची भाषा जाणणारे बहुसांस्कृतिक शिक्षण साहाय्यक करतात.

बहुकॅम्पस रचनेची माझ्या मते सर्वांत भक्कम बाजू येथेच आहे. समजा, एका कॅम्पसवर ईएएलची गरज असलेली १८ मुले आहेत आणि दुसऱ्यावर १४. दोन स्वतंत्र शाळा असत्या तर प्रत्येकीला आठवड्यातून दीड-दोन दिवसांपुरती शिक्षिका परवडली असती, आणि अशा तुटपुंज्या नोकरीवर प्रशिक्षित माणूस टिकत नाही. बत्तीस मुलांसाठी एक पूर्णवेळ शिक्षिका नेमता येते, जी दोन्ही ठिकाणी वेळ वाटून देते. मंगळवारी ती दुसरीकडे असल्यामुळे या कॅम्पसवरचे मूल तिला भेटू शकत नाही, ही अडचण राहतेच. तरीही कोणीच नसण्यापेक्षा ठरलेल्या दिवशी नक्की येणारी व्यक्ती असणे चांगले.

पालकसभेला दुभाषी लागला तर शाळेमार्फत तो विनामूल्य मिळू शकतो. मुलालाच मध्ये बसवून आजी-आजोबांसाठी भाषांतर करून घेण्याची आपली सवय अशा वेळी टाळावी. स्वतःच्या तक्रारीचे भाषांतर कोणते मूल प्रामाणिकपणे करील?

घरच्या भाषेसाठी एक वेगळीच बहुकॅम्पस शाळा

या विषयात एका संस्थेचा उल्लेख टाळता येत नाही. व्हिक्टोरियन स्कूल ऑफ लँग्वेजेस ही सरकारी शाळा १९३५ मध्ये जपानी आणि इटालियन या दोन भाषांच्या शनिवारच्या वर्गांतून सुरू झाली. आज ती राज्यभर अनेक केंद्रांत डझनावारी भाषा शिकवते, आणि तिची केंद्रे म्हणजे बहुतेक करून इतर शाळांच्या शनिवारी मोकळ्या असणाऱ्या इमारती. हिंदी आणि पंजाबी तेथे शिकता येतात. ज्या शाळेत मुलाची भाषा शिकवली जात नाही, त्या शाळेतील मूल शनिवारी तेथे जाऊन ती औपचारिक विषय म्हणून घेऊ शकते. मराठीची सोय मुख्यतः समाजानेच आठवड्याच्या अखेरीस चालवलेल्या वर्गांतून होते. रोज इतक्या भाषांच्या घरांतून मुले येणाऱ्या उपनगरात नेहमीच्या शाळेने सगळ्या भाषा शिकवाव्यात, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. त्यासाठीच ही समांतर व्यवस्था आहे.

एक कॅम्पस लाडका, दुसरा दोडका?

ही शंका खोटी नाही. मुख्याध्यापक जिथे अधिक बसतात तिथले नळ लवकर दुरुस्त होतात, हा मानवी स्वभाव आहे. एका बाजूला नवी वसाहत आणि दुसऱ्या बाजूला भाड्याच्या घरांची वस्ती असेल तर दोन कॅम्पसची सामाजिक घडणही वेगळी होते, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर 'तो कॅम्पस चांगला, हा साधारण' असे शिक्के फार लवकर बसतात. शिक्षकांचा येण्या-जाण्यात वेळ जातो. दोन्हीकडची मुले एकत्र आणायची तर बस ठरवावी लागते, म्हणून स्नेहसंमेलन आणि क्रीडादिन अनेकदा वेगवेगळे होतात आणि 'एक शाळा' ही भावना कागदावर राहण्याचा धोका असतो.

तो धोका कुठे खरा ठरला आहे, हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. विशेष विषयांचे शिक्षक दोन्हीकडे सारख्या तासांसाठी येतात का? शाळा परिषदेच्या सभा आलटूनपालटून दोन्ही ठिकाणी होतात का? वार्षिक अहवालात दोन्ही कॅम्पसवरील कामांची नोंद आहे का? शाळेच्या भेटीच्या दिवशी हे विचारण्यात काहीही गैर नाही, आणि उत्तर देणाऱ्याचा अडखळा बरेच सांगून जातो.

प्रवेश आणि निकाल: पत्ता आणि आकडा

व्हिक्टोरियात प्रत्येक मुलाला आपल्या प्रवेशक्षेत्रातील सरकारी शाळेत प्रवेशाचा हक्क आहे. हे क्षेत्र घराच्या कायम पत्त्यावरून ठरते आणि ते 'फाइंड माय स्कूल' या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहता येते. त्याच पत्त्यावर राहणारे भावंड आधीपासून शाळेत असेल तर क्षेत्राबाहेरील मुलाला पुढचे प्राधान्य मिळते, पण त्यासाठी शाळेत जागा शिल्लक असावी लागते. म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी नेमका घरक्रमांक टाकून पाहावा. रस्त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरी शाळा असे होऊ शकते. बहुकॅम्पस शाळेच्या बाबतीत 'कोणत्या कॅम्पसमध्ये जागा आहे आणि भावंडांना एकत्र ठेवता का' हा प्रश्न शाळेच्या कार्यालयाला लेखी विचारून ठेवावा.

निकालांसाठी पालक 'माय स्कूल' हे राष्ट्रीय संकेतस्थळ उघडतात. त्यावर तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या नॅपलॅन, म्हणजे भाषा आणि गणिताच्या राष्ट्रीय चाचण्यांचे निकाल असतात, घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांचे प्रमाण असते आणि शाळेच्या सामाजिक-शैक्षणिक पार्श्वभूमीचा एक निर्देशांक असतो, ज्याची सरासरी १,००० धरली आहे. हा निर्देशांक म्हणजे शाळेचे गुण नव्हेत. तो मुलांच्या घरांविषयी सांगतो, शिकवण्याविषयी नव्हे. बहुकॅम्पस शाळेच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी: समोरचा आकडा एका कॅम्पसचा आहे की संपूर्ण शाळेचा, हे आधी पाहावे. दोन कॅम्पसची सरासरी एकत्र दाखवली असेल तर ती दोहोंपैकी कोणाचेच अचूक चित्र देत नाही. तुलना करायचीच असेल तर सारख्या पार्श्वभूमीच्या शाळांशी करावी. ती सोय संकेतस्थळावरच आहे.

नववीनंतर काय?

पी-९ शाळेत मूल घातलेल्या पालकांना हा प्रश्न उशिरा सुचतो. कॅरनबॅलॅकसारख्या शाळेत नववी संपली की मुलाला शाळाच बदलावी लागते. पॉइंट कुकमध्ये त्यासाठी दहावी ते बारावीचे वर्ग असलेले पॉइंट कुक सीनियर सेकंडरी कॉलेज आहे, आणि ती स्वतंत्र शाळा आहे. म्हणजे कॉपरफील्डमधील मूल अकरावीला फक्त कॅम्पस बदलते, तर येथले मूल दहावीला मुख्याध्यापक, परिषद, गणवेश सगळेच बदलते. या बदलासाठीही प्रवेशक्षेत्राचा नियम लागू होतो. त्यामुळे आठवी-नववीच्या काळात घर बदलण्याचा विचार असेल तर नव्या पत्त्याची पी-९ शाळा आणि वरिष्ठ शाळा अशी दोन्ही क्षेत्रे तपासावी लागतात. दहावीतच मूल पुढे व्हीसीई घेणार की त्याचा २०२३ पासून सुरू झालेला व्यावसायिक पर्याय, याचा विचार सुरू होत असल्याने वरिष्ठ शाळेची विषयांची यादी नववीच्या मध्यापर्यंत हाती असलेली बरी.